कुत्री सगळ्यांशी प्रेमळ आहे, मग थेरपी डॉग होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की साडेतीन वर्षांची लॅब्रॉडॉर आहे, घरी येणाऱ्या प्रत्येकावर आनंदाने झेपावते, कधी कोणाला चावलेली नाही, आणि तिला घेऊन आठवड्यातून एकदा वृद्धाश्रमात किंवा हॉस्पिसमध्ये (म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांना सांभाळतात तिथे) जायचंय, तर ट्रेनिंग किती लागेल आणि सुरुवात कुठून करायची. मी गेली बारा वर्षं हेच काम करतेय, आधी ढब्बू नावाचा लॅब होता आणि आता तांबी आहे, ती साधी मिश्र जातीची आहे. उत्तर लांबलचक होणार आहे कारण ट्रेनिंगचा भाग त्यात सगळ्यात सोपा आहे, खरं काम दुसरीकडेच आहे.

पहिलं म्हणजे "प्रेमळ" हा शब्द जरा बाजूला ठेवा. घरी पाहुणे आले की नाचणारं कुत्रं आणि अनोळखी जागी, फिनाइलच्या वासात, अनोळखी माणसाच्या थरथरत्या हाताखाली दहा मिनिटं शांत बसणारं आणि ते आवडून घेणारं कुत्रं ही दोन वेगळी कुत्री असतात. कधीकधी एकाच कुत्र्यात दोन्ही असतात पण गृहीत धरू नका. घरी एक साधी गोष्ट करून बघा. तिला न ओळखणाऱ्या कोणालातरी सांगा की तीन सेकंद छातीवर किंवा खांद्यावर हात फिरव आणि मग हात मागे घे. ती पुढे सरकून परत हात मागते का, की जागीच थिजते, की तोंड वळवून तुमच्याकडे बघते? पुढे सरकली तर उत्तम. थिजली तर ती "सहन" करतेय. सहन करणारं कुत्रं चाचणी पास होऊ शकतं आणि लोकांना गोडही वाटतं, पण त्याला दर आठवड्याला तिथे नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि त्याचा दाबलेला त्रास कधीतरी बाहेर पडतोच. त्याबद्दल खाली सांगते.

शब्दांचा घोळही आधी मिटवून टाकू. अपंग व्यक्तीला मदत करायला शिकवलेलं सर्व्हिस डॉग वेगळं, ते एका माणसासाठी असतं. आपलं कुत्रं, म्हणजे थेरपी डॉग, दुसऱ्यांसाठी जातं, आणि तेही बोलावल्यावर, त्यामुळे थेरपी डॉग आहे म्हणून कुठेही आत शिरायचा हक्क मिळत नाही. आणि आपण करतो ती खरं तर "भेट" असते. फिजिओथेरपिस्ट किंवा समुपदेशक एखादं ध्येय ठरवून, नोंदी ठेवून कुत्र्याबरोबर सेशन घेतात ती थेरपी. मी नर्स नाही, थेरपिस्ट नाही, मी भेटायला येणारी बाई आहे आणि माझ्याबरोबर कुत्री आहे, एवढं डोक्यात पक्कं असलं की बऱ्याच चुका आपोआप टळतात.

या सगळ्याची सुरुवात ज्या गोष्टीपासून सांगतात ती मला फार महत्त्वाची वाटते. बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये होते, त्यांच्याकडे एक मुलगा यायचा जो कोणाशी बोलत नव्हता, संपर्कच होत नव्हता. एक दिवस तो ठरलेल्या वेळेच्या आधी आला आणि लेव्हिन्सन यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता, तो आपणहून मुलाकडे गेला आणि मुलगा त्याला बिलगला. लेव्हिन्सननी १९६१ मध्ये हे मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडलं तेव्हा काहींनी खिल्ली उडवली, आज मात्र या विषयाची सुरुवात तिथून मोजतात. माझ्यासाठी त्यातला महत्त्वाचा भाग हा की जिंगल्सला कोणी पाठवलं नव्हतं. तो स्वतः गेला. कुत्र्याचं स्वतःहून जाणं हीच खरी गोष्ट आहे, पट्ट्याने ओढत नेलेलं कुत्रं कितीही शहाणं असलं तरी समोरच्या माणसाला ते कळतं, विशेषतः ज्यांच्याकडे दिवसभर लोक ड्युटी म्हणून येतात त्यांना तर लगेच कळतं.

आता ट्रेनिंग. बस, थांब, पट्टा ढिला ठेवून चाल, बोलावलं की ये, हे सगळीकडे लागतं. थेरपी डॉगची नोंदणी करणाऱ्या संस्था चाचणी घेतात त्यात अनोळखी माणूस येऊन जरा धसमुसळेपणाने थोपटतो, मागे काहीतरी धाडकन पडतं, वॉकर किंवा व्हीलचेअर जवळून जाते, चारपाच जण एकदम गोळा होतात, दुसरं कुत्रं समोरून जातं. अमेरिकेतल्या पेट पार्टनर्ससारख्या मोठ्या संस्थेत कुत्रं किमान एक वर्षाचं हवं, तुमच्याकडे किमान सहा महिने राहिलेलं हवं, कच्च्या मांसाच्या आहारावर नको, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा चाचणी. तुम्ही जिथून नोंदणी कराल तिथले नियम थोडे वेगळे असतील, ते विचारा, पण साधारण मापं हीच असतात.

तीन गोष्टी मात्र क्लासमध्ये नीट शिकवत नाहीत आणि त्याच रोज कामाला येतात. एक, हात देणं म्हणजे शेकहँड, ते तिला येत असेल तर विसरायला लावा. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते, त्यात बरेच जण रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असतात, एक नख लागलं तरी कातडी सोलवटते आणि जखम आठवडे भरत नाही. त्याऐवजी हनुवटी टेकवायला शिकवा. मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवायचा, त्यावर हनुवटी टेकवली की शाबासकी, हळूहळू वेळ वाढवायची. हे शिकलेलं कुत्रं व्हीलचेअरमधल्या माणसाच्या गुडघ्यावर डोकं ठेवतं आणि बस्स, त्या माणसाला हात फक्त खाली आणावा लागतो, वाकावं लागत नाही. दोन, "सोड". अशा ठिकाणी जमिनीवर गोळ्या पडलेल्या असतात, खरंच असतात, उशीखालून, खिशातून, कपातून घरंगळलेल्या, आणि साधी पेनकिलर, म्हणजे आयबुप्रोफेनसुद्धा कुत्र्याला विषारी ठरू शकते. मी खोलीत शिरल्यावर आधी जमीन बघते मग माणूस बघते, आणि तांबीला "सोड" म्हटल्यावर नाकासमोर मांसाचा तुकडा असला तरी मान वळवता येते, तेवढं पक्कं होईपर्यंत मी तिला नेलं नव्हतं. तीन, मागे सरकणं. पलंग आणि भिंत यांच्यातल्या बोळात गेल्यावर वळायला जागा नसते, तिथे ऑक्सिजनची नळी, लघवीची पिशवी, सलाईनचा स्टँड, सगळं शेपटीच्या उंचीला. लॅबची शेपटी म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. सरळ मागे चालत बाहेर यायला शिकवा.

आणि झेपावणं. घरी ती पाहुण्यांवर झेपावते असं तुम्ही लिहिलंय, ते आजपासून बंद करायला घ्या, घरच्या प्रत्येकाने. चारही पाय जमिनीवर असतील तरच कोणीतरी तिच्याकडे बघेल, नाहीतर पाठ फिरवायची. वॉकर घेऊन उभी असलेली बाई तीस किलोच्या प्रेमाने पडली तर खुब्याचं हाड मोडतं, आणि त्या वयात खुबा मोडणं म्हणजे अनेकदा पुन्हा स्वतःच्या पायावर उभं न राहणं.

स्वच्छतेबद्दल लोक कंटाळतात पण इथे मी कडक आहे. कॅनडात ओंटारियोमध्ये हॉस्पिटलांना भेटी देणाऱ्या १०२ कुत्र्यांची तपासणी झाली होती, दिसायला सगळी निरोगी, तरी त्यातल्या निम्म्याहून जास्त कुत्र्यांच्या विष्ठेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जुलाबाचा चिवट जंतू सापडला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की जी कुत्री रुग्णांना चाटतात किंवा त्यांच्या हातून खाऊ घेतात त्यांना असे जंतू लागण्याची शक्यता जास्त. म्हणून माझ्याकडे चाटणं नाही आणि खाऊ नाही. आजींना खूपच भरवायचं असेल तर मी माझ्याकडचा तुकडा माझ्याच हाताने देते आणि आजींनी "शाबास" म्हणायचं, ते त्यांनाही चालतं. प्रत्येकाचे हात कुत्रीला लावायच्या आधी आणि नंतर स्वच्छ, माझेही. या जुलाबाच्या जंतूच्या बीजाणूंवर सॅनिटायझर चालत नाही, साबण आणि पाणीच लागतं, त्यामुळे ज्या खोलीवर तशी पाटी असेल तिथे जायचंच नाही. पलंगावर घ्यायचं झालं तर प्रत्येकासाठी वेगळी चादर. लसी, जंताचं औषध, गोचीड-पिसवा हे सांगायला नकोच. नखं आदल्या दिवशी कापा आणि कानशीने गोल करा, ताजं कापलेलं नख ब्लेडसारखं असतं.

आता खरा मुद्दा.

तिथे गेल्यावर तुमचं काम गप्पा मारणं नाही, म्हणजे तेही आहे, पण पहिलं काम कुत्री वाचणं आहे, पूर्ण वेळ, दर मिनिटाला. तिला ताण येतोय याच्या खुणा अशा: झोप आलेली नसताना जांभई, समोर खाऊ नसताना ओठांवरून जीभ, तोंड वळवणं, डोळ्याच्या कडेने पांढरा भाग दिसणं, थंड खोलीत धापा टाकणं, अंग कोरडं असताना ओल्यासारखं झाडणं, अचानक केस गळायला लागणं, फरशीवर पंजांचे ओलसर ठसे, एरवी मऊ तोंडाने घेतलेला खाऊ ओढून घेणं किंवा अजिबात न घेणं. यातली एखादी खूण सुटी दिसली तर मी थोडं अंतर देते, दोनतीन एकत्र दिसल्या तर "आम्ही जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून निघते, आणि बाहेरूनही ती आत यायला तयार नसेल तर त्या दिवशीची भेट संपली. हे ऐकायला सोपं वाटतं. समोर रडवेली आजी "अजून थोडा वेळ" म्हणत असते तेव्हा ते अजिबात सोपं नसतं.

ढब्बूच्या वेळी मला ते जमलं नाही. सहा वर्षं तो अप्रतिम काम करत होता, सगळा स्टाफ त्याला ओळखायचा. मग तो लिफ्टपाशी रेंगाळायला लागला, गाडीतून उतरायला वेळ लावायचा, मी म्हटलं वय होतंय. जांभया दिसत होत्या, मी म्हटलं दमलाय. एक दिवस एका गृहस्थांनी उठताना आधारासाठी त्याच्या कमरेवर भार दिला आणि तो गुरगुरला. चावला नाही, दात दाखवले नाहीत, फक्त गुरगुरला, पण ते गृहस्थ घाबरले आणि मी आतून हादरले. व्हेटने एक्सरे काढला तर दोन्ही खुब्यांत संधिवात होता, बरेच महिन्यांचा. म्हणजे इतके महिने माणसं प्रेमाने त्याच्या कमरेवर थोपटत होती आणि त्याला दुखत होतं आणि तो मला सांगत होता. ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास त्याचंच मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून त्याचं काम थांबवलं. म्हणून म्हणते, गुरगुरलं तर कुत्र्याला रागवू नका, गुरगुरणं हे त्याचं शेवटचं सभ्य वाक्य असतं, त्याआधीची दहा वाक्यं आपण ऐकलेली नसतात.

वेळ कमी ठेवा. हॉस्पिटलांसाठीच्या गाइडलाइन्समध्ये भेटीला जास्तीत जास्त तासाची मर्यादा सांगतात, मी नव्या कुत्र्याला पहिले दोन महिने वीस मिनिटांच्या वर नेणार नाही. आणि आठ खोल्या करण्यापेक्षा तीन करा.

माणसांकडे येते. दारातून विचारायचं, "कुत्री घेऊन आत येऊ का?" आणि उत्तराची खरंच वाट बघायची. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला जेवायची वेळ, अंघोळीची वेळ, दिवा घालवायची वेळ सगळं दुसरं कोणीतरी ठरवून देतं, "नको" म्हणायची संधीच उरलेली नसते. तेव्हा कोणी कुत्रीला "नको" म्हटलं तर ते मनापासून आणि आनंदाने घ्या, ती पण भेटच झाली. कोणाला भीती असते, कोणाला ॲलर्जी, कोणाच्या श्रद्धेत बसत नाही, कारण विचारायचं नाही. दोन जणांच्या खोलीत दुसऱ्या पलंगालाही विचारायचं, हे हमखास विसरलं जातं.

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असलेल्यांकडे समोरून जा, बाजूने किंवा मागून नाही, आणि त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला या. कुत्रीला आधी थोडं लांब बसवा, त्यांना दिसू दे, मग जवळ. संध्याकाळी बऱ्याच जणांची घालमेल वाढते, म्हणून भेट सकाळी किंवा दुपारी ठेवा. एक आजी तांबीला दर वेळी वेगळ्याच नावाने हाक मारायच्या, ते त्यांच्या लहानपणीच्या कुत्र्याचं नाव होतं असं त्यांच्या मुलीकडून कळलं. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. "ही तांबी आहे हो" म्हणून काय मिळणार होतं? मी विचारायचे, "हा फार मस्ती करायचा का?" आणि मग त्या सांगायच्या, कधी तीन वाक्यं, कधी एकच वाक्य तीनदा. "तुम्हाला आठवतंय का" असा प्रश्न मात्र कधीच विचारू नका, ती परीक्षा होते. हात ताठ झालेले असतील तर त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या हाताखाली आपला हात धरून हळूच केसांवर ठेवायचा. आणि बोलणं थांबलं तर थांबू द्या, शांतता भरून काढायची घाई आपल्याला असते, त्यांना नसते. कुत्रीला तर नसतेच.

वर्षानुवर्षं न बोललेला माणूस कुत्रा बघून बोलायला लागला, अशा गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. होतं तसं क्वचित. पण ते डोक्यात ठेवून गेलात तर रोजच्या भेटी फिक्या वाटतील आणि तुम्ही नकळत माणसांवर जोर द्याल, "बघा ना, हात लावा ना". बहुतेक भेटी म्हणजे टीव्ही चालू, कुत्री पायाशी, आणि दहा मिनिटांत चार वाक्यं. एक आजोबा आहेत, त्यांनी तांबीला पहिले कितीतरी महिने हातही लावला नाही, फक्त बघायचे. मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की आम्ही यायच्या वेळी त्यांचं पाय ठेवायचं स्टूल बाजूला सरकवलेलं असतं, म्हणजे तिला पलंगाशेजारी आडवं होता यावं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

खोलीत जायच्या आधी दर वेळी सिस्टरांकडे जाऊन यादी विचारा, कोणाला आज बरं नाही, कोणाला इन्फेक्शन आहे, आणि कोण गेलं. हे शेवटचं मी पहिल्या वर्षी न विचारता थेट गेले होते आणि रिकामा, नवी चादर घातलेला पलंग बघून दारातच उभी राहिले, कुत्रा आत जाऊन वास घेत होता. हॉस्पिसमध्ये तर हे होणारच आहे. तुमच्या घरी किंवा दुसऱ्या व्हॉलंटिअरपैकी कोणीतरी एक असू दे ज्याच्याशी नावं न घेता त्याबद्दल बोलता येईल. नावं घ्यायची नाहीत आणि फोटो टाकायचे नाहीत, नातेवाईकांनी हो म्हटलं तरी आधी संस्थेला विचारा.

सुरुवात कुठून, तर कुत्रीशिवाय. संस्थेच्या को-ऑर्डिनेटरला भेटा, चारपाच वेळा एकटे जा, वास, आवाज, माणसं स्वतः अनुभवा, आणि विचारून ठेवा की अपघात झाला तर जबाबदारी कोणाची आणि विमा आहे का. दरम्यान घरी हनुवटी, "सोड" आणि मागे सरकणं चालू ठेवा. व्हेटकडे पूर्ण तपासणी करा, सांधेसुद्धा, लॅब आहे म्हणून मुद्दाम सांगते. मग चाचणी, मग पहिली भेट, एकाच माणसाला, अनुभवी हँडलर बरोबर घेऊन. सगळं मिळून चारसहा महिने धरा. आणि दिवस ठरवाल तो पाळता येईल असाच ठरवा, आठवड्याला जमत नसेल तर पंधरा दिवसांनी या, कारण तिथे लोक वाट बघतात, अगदी शब्दशः.

तांबी आता नऊ वर्षांची आहे. मी भेटीची बॅग काढली की ती दाराशी जाऊन उभी राहते, आणि ती उभी राहते का हे मी अजूनही दर वेळी बघते. मागच्या महिन्यात एका गुरुवारी उठलीच नाही, शेपटी हलवली आणि डोकं परत खाली ठेवलं, म्हणून मी एकटीच गेले. स्टूल बाजूला सरकवलेलं होतं. आजोबांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं, मी म्हटलं आज तिचं मन नव्हतं. "झोपू दे तिला," म्हणाले, आणि स्टूल माझ्याकडे ढकललं, बसायला.